किती लांब, किती वेळ? दोन विमानतळांमधलं अंतर आणि तुमचा अनुभव

मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर. मुंबई ते मेलबर्न ९,८००. मुंबई ते न्यूयॉर्क १२,५००. हे आकडे आता कुणालाही क्षणात सापडतात आणि शेजारी उड्डाणाचा वेळही लिहिलेला असतो. पण ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांना विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. मला ती उत्तरं हवी आहेत.

मी पुण्यात भूगोल शिकवत होते, आता निवृत्त आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत रेघ ओढायला सांगितली की मुलं पट्टी लावून अरबस्तान, भूमध्य समुद्र, अटलांटिक अशी सरळ रेघ मारायची. मग मी पृथ्वीगोल पुढ्यात ठेवून दोरा ताणायला सांगायचे. दोरा जातो सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मग मॉस्कोच्या जवळून फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून लॅब्राडोर आणि तिथून खाली न्यूयॉर्क. वर्गात हमखास गलका व्हायचा. भारतातून अमेरिकेला जायला आइसलंड कशाला, हे त्यांना पटतच नसे. चेंडूसारख्या पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाट अशीच वळलेली असते, आणि ते १२,५०० किलोमीटर मोजलेत ते या दोऱ्यावरून.

दोरा बदलत नाही. त्या दोऱ्यावर वारा असतो, देशांच्या सीमा असतात, लढाया असतात, ज्वालामुखीही असतात. आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांना विमानतळ असले तरी आपली घरं तिथे नसतात.

तेव्हा लिहा. कुठून कुठे गेलात, तिकिटावर किती तास होते, खरे किती लागले आणि का. घराच्या दारापासून दारापर्यंतचा हिशोब दिलात तर फारच छान. विमान कंपनीविषयीच्या तक्रारी मात्र इथे नकोत, त्यासाठी वेगळ्या जागा आहेत.


मुंबई – नेवार्क (एडिसनहून)

ताई, विषय अगदी जिव्हाळ्याचा काढलात. आमच्या न्यू जर्सीच्या भागात प्रत्येक मराठी घरात या एका उड्डाणाची चर्चा असते.

माझा अनुभव असा, की जाणं आणि येणं हे दोन वेगळे प्रवास आहेत. मुंबईहून इकडे येताना साडेपंधरा-सोळा तास, इकडून मुंबईला जाताना चौदाच्या आसपास. अंतर तेच, विमानाचा प्रकार तोच. पहिल्यांदा मला वाटलं की वैमानिकाने वेगळी वाट घेतली असेल. मग समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग बघत बसायची सवय लागली. पश्चिमेकडे येताना अटलांटिकवर तो कधीकधी ताशी ८०० किलोमीटरच्या खाली उतरतो. परतीच्या वाटेवर त्याच पट्ट्यात १,०५० आणि त्याहून जास्त आकडा पाहिला आहे.

याचं कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला पोचलं होतं, एरवी त्याला साडेसहा तास लागतात. त्याच रात्री उलट दिशेने येणाऱ्यांचं काय झालं असेल, याची कल्पना इथल्या लोकांना बरोबर येईल.

म्हणून आईबाबांना इकडे बोलावताना मी थंडी टाळतो, बर्फासाठी नाही, वाऱ्यासाठी. सत्तरीतल्या माणसाला खुर्चीत आणखी एक तास बसावं लागणं ही मोठी गोष्ट आहे. बाबांचे पाय सुजतात. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले आहेत, आणि दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या गॅलीपर्यंत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरापर्यंत, चालून यायचं असं आईला बजावलं आहे. बाबांना सांगून उपयोग नाही, म्हणून आईला.


दिल्ली – सॅन फ्रान्सिस्को (फ्रीमाँटहून)

या मार्गाची गंमत न्यू जर्सीवाल्यांपेक्षा मोठी आहे.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये हे थेट उड्डाण सुरू केलं तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी वाट उलटी केली. दिल्लीहून पूर्वेकडे, चीन-जपानच्या बाजूने पॅसिफिकवरून. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे सुमारे १,४०० किलोमीटर जास्त, तरी वेळ मात्र दोनेक तासांनी कमी, कारण वारा पाठीशी. लांबची वाट लवकर पोचवते, हे मी स्वतः बसून अनुभवलं नसतं तर कागदावर खरं वाटलं नसतं.

पण मला सांगायचं आहे ते सासूबाईंचं. त्यांचा प्रवास नेमका संकष्टीला आला. विमान पहाटे निघणार होतं. त्या म्हणाल्या, उपास विमानात करीन, त्यात काय. विमानात त्यांनी राजगिऱ्याचे लाडू आणि केळी खाल्ली (फळं इथे उतरवता येत नाहीत, ती विमानातच संपवायची). साडेचौदा तास उडून आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तर इथे पुन्हा तीच तारीख आणि पुन्हा पहाटच. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली होती. दिल्लीत तोवर चंद्र उगवायला आला असेल, इथे अख्खा दिवस उभा.

मी म्हटलं, आई, भारतातला चंद्रोदय धरून सोडा ना उपास. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, मी जिथे आहे तिथला चंद्र मला दिसला पाहिजे. रात्री पावणेदहाच्या सुमारास आमच्या मागच्या अंगणात चंद्र वर आला, त्यांनी अर्घ्य दिलं आणि मग वरण-भात खाल्ला. निघाल्यापासून तीस तास उलटून गेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर दमणूक होती, पण कुरकुर अजिबात नव्हती. माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर आहे त्यात त्या रात्रीचा वाटा फार मोठा आहे.


तेल अवीव – मुंबई (अश्दोदहून)

शालोम आणि नमस्कार. माझे आईवडील अलिबागकडचे, आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात आजही मराठी बोलतो.

आमचं अंतर तुमच्या मानाने किरकोळ आहे. गोलावर दोरा लावला तर तेल अवीव ते मुंबई जेमतेम ४,०५० किलोमीटर, पाच-साडेपाच तासांची गोष्ट. पण माझ्या उभ्या आयुष्यात बराच काळ हा प्रवास सात तासांपेक्षा जास्त चालायचा, कारण दोरा सौदी अरबस्तानावरून जातो आणि इस्रायलकडे जाणाऱ्या विमानांना ते आकाश बंद होतं. विमान तांबड्या समुद्रावरून थेट दक्षिणेला जायचं, एडनच्या आखाताकडून वळसा घालायचं आणि मग मुंबईकडे तोंड करायचं. खिडकीतून डावीकडे अरबस्तानचा किनारा दिसायचा. वडील दर वेळी म्हणायचे, ह्यावरून गेलो असतो तर आत्ता कुलाब्यात चहा घेत असतो.

२२ मार्च २०१८ रोजी सौदीने पहिल्यांदा दिल्लीहून तेल अवीवला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानाला वाट दिली. इस्रायली विमानांना तेव्हाही परवानगी नव्हती. जुलै २०२२ मध्ये सौदीने आकाश सगळ्यांना खुलं केलं, पण पुढे ओमान अडलेलं होतं. ते फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडलं आणि मुंबईची वाट दोनेक तासांनी आखूड झाली.

वडील ते बघायला राहिले नाहीत. मी आणि बहीण गेलो तेव्हा अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हानाबीच्या टापाशी, म्हणजे आमच्या प्रेषिताच्या पवित्र जागी, जाऊन वडिलांच्या नावाने मालिदा (आमचा नैवेद्याचा विधी) केला. जाताना विमान वाळवंटावरून सरळ गेलं. खाली काहीच नव्हतं, नुसती तांबूस वाळू, आणि आम्ही दोघी खिडकीला डोकं लावून बघत होतो.


धागाकर्ती: तुमचं हे लिहिणं मी दोनदा वाचलं. शाळेत सीमा म्हणजे नकाशावरच्या तुटक रेघा असंच शिकवलं जातं. त्या वर आकाशातही असतात हे पुस्तकात यायला हवं.


फ्लाइट डिस्पॅचमधून (मुंबई)

मी विमानांच्या वाटा आखण्याच्या कामात अनेक वर्षे होतो. वरच्या अनुभवांना थोडी तांत्रिक जोड देतो, कारण लोकांना वाटते की वाट ठरलेली असते. ती ठरलेली नसते. लांबच्या प्रत्येक उड्डाणाआधी त्या दिवसाचा वारा, वजन, बंद आकाश, वादळे आणि प्रत्येक देशाचे आकाश वापरण्याचे शुल्क यांचा हिशोब होतो आणि दोन-तीन वाटांमधून एक निवडली जाते. काल तुम्ही ग्रीनलंड पाहिले म्हणून आज दिसेलच असे नाही.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो. दार बंद होऊन विमान मागे ढकलले गेल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग येते, उतरण्याआधीच्या घिरट्यांची थोडी सोयही येते. म्हणून कधीकधी विमान अर्धा तास उशिरा निघूनही वेळेवर पोचते.

दोऱ्याची वाट कुठे सोडावी लागते, याची तीन उदाहरणे देतो.

पहिले तिबेटचे पठार. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला लवकरात लवकर दहा हजार फुटांपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कमधला प्राणवायू साधारण पाव तासाच्या आसपासच पुरतो. खाली जमीनच पंधरा-सोळा हजार फुटांवर असेल तर उतरणार कुठे? म्हणून त्या पठारावरून जाणाऱ्या वाटा फार थोड्या आणि अटी घालून दिलेल्या असतात.

दुसरे उत्तर ध्रुवाचे. मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा ७६ अंश उत्तरेपर्यंत चढतो. सॅन फ्रान्सिस्को–बंगळुरू तर जानेवारी २०२१ मध्ये पहिल्यांदा उडाले तेव्हा कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिकांच्या चमूने ते उत्तर ध्रुवावरून आणले. या दोन शहरांमधले थेट अंतर १३,९९३ किलोमीटर. तिथे बाहेरचे तापमान इतके खाली जाते की पंखांतल्या इंधनाकडे लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेत भरले जाणारे जेट-ए उणे ४० अंशांच्या आसपास गोठू लागते, आपल्याकडचे जेट-ए-१ उणे ४७ ला. तापमान फार घसरले तर विमान थोडे खाली आणतात किंवा वेग वाढवतात. शिवाय जवळ उतरायला विमानतळ कोणता, हा प्रश्न त्या भागात सतत पाठीवर असतो.

तिसरे अर्थातच बंद आकाश. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झाले. हेलसिंकी–टोकियो हे साडेनऊ तासांचे उड्डाण १३ तासांचे झाले. आपल्याकडे २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले आणि सर्वांत जास्त फटका दिल्लीला बसला. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. मुंबई समुद्रकाठी असल्याने अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकता येते, तरी वळसा आहेच.

एक तास वाढला तर एक तासाचे इंधन जास्त भरले की झाले, असे बाहेरच्या माणसाला वाटते. पण ते जास्तीचे इंधन पंधरा तास वाहून न्यायलाही इंधन जळते. मग विमान जड होते, सुरुवातीला वर चढत नाही आणि अखेर काही माल किंवा काही प्रवासी खाली ठेवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय रात्री दोन वाजता आमच्या खोलीत होत असे. त्या यादीत कुणाचे लग्न, कुणाची परीक्षा असेल हे माहीत असूनही तो घ्यावा लागे.


नागपूर – टोरांटो

माझं थोडक्यात. तिकिटावर एकवीस तास होते. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव ते नागपूर विमानतळ चार तास, त्यात पावसाळा असला तर नाल्यावरून पाणी जाते म्हणून आदल्या दिवशीच निघा लागते. मग नागपूर–दिल्ली, तिथे रात्रभर बसणं, मग टोरांटो. तिकडे उतरून मुलाच्या घरी आणखी दीड तास. घरून घरी मोजाल तर अडीच दिवस. झीरो माइलचा दगड नागपुरात आहे, देशाच्या मधोमध, म्हणजे सगळ्याच विदेशांपासून सारखेच लांब!


मुंबई – मॉरिशस (पोर्ट लुईहून)

आमचे मराठी थोडे जुने आहे, सांभाळून घ्यावे. अंतर ४,७०० किलोमीटर, थेट विमान असले की सहा तास. घड्याळ फक्त दीड तास मागे करायचे. माझे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर काम करायला आले. शिडाच्या जहाजात आठवडेच्या आठवडे काढून ते पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले. परत कुणीच गेले नाही.

मी मुंबईला उतरून रत्नागिरीची गाडी धरली तेव्हा घरातून दीडशे वर्षांत परत जाणारी मी पहिलीच होते. तिथे आमच्या आडनावाची माणसे भेटली. नाते जुळले की नाही सांगता येत नाही, पण त्यांनी मला जेवू घातले आणि गणपतीला या म्हणाले. मी सांगितले की आमच्याकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, तुम्हीच या.


मेलबर्न – सातारा

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. पण घराच्या दारापासून दारापर्यंतचा हिशोब तुम्ही मागितला आहे आणि माझ्याकडे तो आहे.

२०१९ च्या जूनमध्ये भावाचा फोन आला तेव्हा आमच्याकडे दुपार होती. नाना गेले. त्याने पुढचं वाक्य लगेच म्हटलं नाही. मग म्हणाला, ताई, किती वेळ लागेल तुला?

त्या वेळी मेलबर्नहून मुंबईला थेट विमान नव्हतं, ते डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. मी फोन कानाला धरूनच संगणक उघडला. रात्रीचं सिंगापूरचं विमान होतं, पावणेआठ तास. सिंगापूरला थांबा चार तासांचा. सिंगापूर–मुंबई साडेपाच तास. मुंबईला बाहेर पडायला एक तास धरला. मग रस्ता, अडीचशे किलोमीटर. खंडाळ्याचा घाट, पुणं, खंबाटकी, आणि तेही जूनच्या पावसात. भाऊ गाडी पाठवणार होता. घरून मेलबर्न विमानतळ पाऊण तास, तिथे तीन तास आधी. सगळं मिळून तीस तासांच्या आसपास, सगळं वेळेवर झालं तर.

आकडा मी मोठ्याने म्हटला. पलीकडे शांतता. मग त्याने विचारलं, थांबवू का?

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी येणार हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. साताऱ्यात आमच्या ओळखीच्या ठिकाणी बर्फाची पेटी मिळाली असती, सिव्हिलमध्ये विचारता आलं असतं. पण आई त्या खोलीत होती. तिला तीस तास तसं बसवून ठेवायचं, का तर मी एकदा चेहरा बघावा म्हणून? मी म्हटलं, नको, थांबू नका. संध्याकाळच्या आत सगळं करा. तो रडायला लागला. मला वाटतं त्याला सुटल्यासारखंही झालं असावं, पण ते मी त्याला कधी विचारलं नाही.

नानांना संगम माहुलीला नेलं तेव्हा मी घरात बॅग भरत होते. भाच्याने फोनवर दाखवायची तयारी केली होती, मी नाही म्हटलं. विमानात बसले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्या पावणेआठ तासांत माझ्या शेजारी एक वयस्क चिनी बाई होत्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी न विचारता माझ्या अंगावर पांघरूण ओढलं.

साताऱ्याला पोचले तेव्हा तिसऱ्या दिवसाची सकाळ होती. राख सावडायला मी होते. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथे पाणी चढलेलं होतं, गुरुजींनी वरच्या पायरीवरच सगळं उरकलं. आईने मला जवळ घेतलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते हे: जेवलीस का वाटेत?

थेट विमान सुरू झालं तेव्हा मुंबई बारा-तेरा तासांवर आली. आईच्या आजारपणात त्याचा मला उपयोग झाला, मी वेळेत पोचले आणि ती आज बरी आहे. ज्यांच्या गावाला असं उड्डाण नाही त्यांनी एक करून ठेवा. घरून घरी किती तास लागतात हे एकदा शांतपणे मोजा, आणि जे ठरवायचं ते भावंडांशी आधी बोलून ठेवा. फोनवर, त्या क्षणी, ते बोलणं फार जड जातं.


धागाकर्ती: यावर काय लिहू? तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने वाचावा असा आहे.


मुंबई – न्यूयॉर्क, १९७१

माझे वय आता शहात्तर. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेले आणि १४ मे १९६० पासून एअर इंडियाचे बोइंग ७०७ लंडनवरून न्यूयॉर्कला जाऊ लागले. मी त्यानंतर अकरा वर्षांनी शिकायला गेलो. सांताक्रूझला निरोप द्यायला दादरहून दोन टॅक्सी भरून माणसे आली होती, गळ्यात हार होते. खिशात आठ डॉलर. त्या काळी सरकार तेवढेच परकीय चलन देत असे.

विमान वाटेत उतरत उतरत गेले. प्रत्येक ठिकाणी खाली उतरून थोडे फिरता येई, म्हणून आजच्या सलग सोळा तासांपेक्षा तो प्रवास शरीराला सोपा वाटत असे, हे माझे प्रामाणिक मत आहे. सगळे मिळून एक पूर्ण दिवस आणि वर काही तास. खरा वेळ लागला तो त्यानंतर. मी सुखरूप पोचलो हे आईला कळायला माझे पत्र दादरला जावे लागले, आणि त्याला दोन आठवडे लागले. नातू आता विमानतळावर उतरून धावपट्टीवरूनच फोन करतो.


लंडन – मुंबई, एप्रिल २०१०

आइसलंडचा ज्वालामुखी आठवतोय का कुणाला? एयाफ्यात्लायोकुत्ल. १५ एप्रिलला ब्रिटनचं आकाश बंद झालं ते २० तारखेच्या रात्री उघडलं. राखेतली काच इंजिनात वितळून चिकटते म्हणून कुणी धोका घेईना. एरवी नऊ तासांचं उड्डाण, मला पोचायला त्यात जवळजवळ आठवडा गेला. आतेबहिणीचं लग्न मी फोनवरून ऐकलं. सनईसुद्धा नीट ऐकू आली नाही.


मुंबई – सांतियागो (चिलीहून)

बाई, नमस्कार! मी तुमचीच विद्यार्थिनी. दोरा ताणताना गोल खाली पाडला होता ती मी नव्हे, पण त्याच बाकावरची. आता खगोलशास्त्रात काम करते आणि दुर्बिणींसाठी चिलीला येणंजाणं असतं.

दोरा लावला तर मुंबई–सांतियागो सुमारे १६,१०० किलोमीटर. इतकं लांबचं थेट उड्डाण आज कुणाचंच नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क हे सध्याचं सर्वांत लांबचं थेट उड्डाण १५,३०० च्या थोडं पुढे आहे, साडेअठरा तासांच्या वर. म्हणून मला पॅरिसवरून यावं लागतं. मुंबई–पॅरिस ७,००० आणि पॅरिस–सांतियागो ११,६५०, म्हणजे दोऱ्यापेक्षा अडीच हजार किलोमीटर जास्त. मधला थांबा धरून तीस तासांच्या पुढे. मग वेधशाळेकडे जायला उत्तरेचं आणखी एक विमान आणि अटाकामाच्या वाळवंटातून गाडी. पोचले की पहिली रात्र दुर्बिणीला हात लावायचा नाही, नुसतं झोपायचं, असा आमच्या गटाचा नियम आहे. उंची आणि जागरण एकत्र आलं की माणूस चुकीचं बटण दाबतो.

आणि बाई, तुम्ही विचारायचात ना, मुंबईच्या बरोबर पाठीमागे पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे? पॅसिफिक महासागर. पण सगळ्यात जवळची वस्तीची जागा ईस्टर बेट, त्या बिंदूपासून नऊशेच्या आसपास किलोमीटरवर. तिथे विमानतळ आहे आणि सांतियागोहून विमान जातं, साधारण पावणेचार हजार किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दोऱ्याने १९,१०० किलोमीटर. दोन जागांमधलं अंतर पृथ्वीवर वीस हजारांच्या फार पुढे जाऊच शकत नाही, तेव्हा मुंबईकराला यापेक्षा लांबचा विमानतळ शोधणं अवघड आहे. पुढच्या वर्षी सुट्टी मिळाली तर जाणार आहे.


धागाकर्ती: अगं, तुझं नाव मला आठवलं, पण इथे लिहीत नाही! गेलीस तर घरून निघाल्याची वेळ टिपून ठेव.

आफ्रिकेतलं अजून कुणीच लिहिलेलं नाही. नैरोबी, दार-ए-सलाम, जोहान्सबर्ग इथे आपली पुष्कळ माणसं आहेत. आणि आखातातल्या मंडळींनी ‘आमचं काय, तीन तास’ म्हणून गप्प बसू नये. कोकणातल्या गावापासून मुंबई विमानतळापर्यंत त्यांना दुबईपेक्षा जास्त वेळ लागतो, तोही मोजून लिहा.